सगळं बंद असताना लुकलुकणारा दिवा

कामतघरच्या त्या गल्लीत केसरीनाथ भित्रा म्हणूनच प्रसिद्ध होता. एकसष्ट वर्षांचा, हाडापेराने दणकट माणूस. उभी हयात कापडाच्या लूमवर काढलेली, त्या खडखडाटात डावा कान गेलेला. पण घरातला पंखा लावायचा झाला तर तो आधी पायात रबरी चप्पल चढवायचा, हात पंचाला कोरडे करायचा आणि मग लाकडी पट्टीच्या टोकाने बटण दाबायचा. पाहुण्यारावळ्यांना गंमत वाटे. मुलगा दीपेश त्यांच्यासमोर म्हणायचा, "आमचे बाबा वाघाला भिणार नाहीत, पण बल्बाला भितात." सगळे हसत. केसरीनाथही हसल्यासारखं करी.

का भितो ते फक्त बायकोला, आक्काला, माहीत होतं. सतरा वर्षांचा असताना तो थोरल्या भावासोबत, रामनाथसोबत, एका शेडमध्ये कामाला लागला होता. एका दुपारी लूमच्या लोखंडी सांगाड्यात करंट उतरला आणि रामनाथचा हात त्याला चिकटला. केसरीनाथ चार पावलांवर उभा होता. त्याला ओरडता आलं नाही, हलता आलं नाही. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला तोवर उशीर झाला होता. पुढे चाळीस वर्षं तो त्याच लूमवर राबला, कारण गल्लीत दुसरं काम नव्हतं; पण रोज शेडमध्ये शिरताना त्याचे तळवे घामेजायचे.

अशा माणसाच्या गळ्यात विजेचा मीटर पडला तो सुनेमुळे. दिपाली वडप्याच्या एका गोदामात माल किती आला, किती गेला याच्या नोंदी ठेवायची. उन्हाळा लागला आणि घरचं बिल फुगलं तेव्हा ती म्हणाली, "बिल आलं की आपण महिन्यातून एकदा बोंबलतो. रोज काय जळतंय ते कुठं बघतो?" तिने ओटीवर, मीटरच्या शेजारी, एक कॅलेंडर टांगलं. "बाबा, तुम्ही दिवसभर घरी असता. रोज सकाळी सातला आकडा लिहायचा. बस."

"मना नको ते," केसरीनाथ म्हणाला. "आक्काला सांग."

"आईंना बारीक आकडे दिसत नाहीत. आणि हात कुठं लावायचाय, बाबा? नुसतं बघायचं."

पहिले काही दिवस तो तीन पावलं लांब उभा राहून, चष्मा नाकावर सरकवून आकडा टिपायचा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असे. दिपालीने त्याला सांगितलं, "इथं बत्तीसशे लिहिलंय, बघा. हा दिवा बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. भरभर लुकलुकला म्हणजे घर जास्त वीज खातंय."

हे त्याला पटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीची भीती बाळगली ती डोळ्यांना कधी दिसली नव्हती. आता ती दिसत होती. तो मनगटावरचं घड्याळ धरून मोजू लागला. इस्त्री लावली की सेकंदाला जवळपास एक ठिपका. पाणी तापवायचा रॉड लावला की मोजताच येईना. फ्रिज मात्र विसावतच नव्हता. दिपालीने दरवाजाचं रबर दाबून पाहिलं तर ते एका बाजूने सुटलेलं. ते बदललं. टाकी भरून वाहू लागल्यावरही पाण्याची मोटर चालूच राहते हेही त्यानेच पकडलं. टीव्हीचा डबा रात्रभर जागा असायचा, त्याची पिन निघू लागली. दीड महिन्यात दिवसाची अकरा युनिटं सातावर आली. दिपालीने कॅलेंडरवरच्या आकड्यांचा फोटो काढून गोदामातल्या बायकांना दाखवला. केसरीनाथ आता मीटरपासून एका पावलावर उभा राहू लागला होता.

मग एका गुरुवारी आकडा आठ आला. दुसऱ्या दिवशी नऊ. रविवारी दहाला टेकला.

घरात कुरबुर सुरू झाली. दीपेश आईला म्हणाला, "तू दुपारी मालिका बघत झोपतेस, टीव्ही चालू राहतो."

आक्का भडकली. "आठ दिस झालं टीव्हीचं तोंड बघितलं न्हाय मी. जीवच बरा न्हाय. कपडे धुवाया बसलं की हाताला मुंग्या येतात."

"साखर वाढली असेल," दीपेश म्हणाला. आक्काला साखरेचा आजार होताच, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. केसरीनाथनेही नाही.

सोमवारी दिपाली कामाला निघताना म्हणाली, "बाबा, आज एक करा. दुपारी आईंना सगळ्या पिना काढायला सांगा, फ्रिजचीसुद्धा. सगळी बटणं बंद. मग बघा दिवा थांबतो का. थांबला तर आपणच काहीतरी जास्त वापरतोय."

"आणि नाय थांबला तर?"

"थांबणार. सगळं बंद म्हटल्यावर कशाला लुकलुकेल?"

दुपारी बाराच्या सुमारास आक्काने धुसफुसत घरभर फिरून सगळं बंद केलं. "झालं तुमच्या मनासारखं? आता मी धुणं उरकते," म्हणत ती कपड्यांची बादली घेऊन मागच्या न्हाणीत गेली. केसरीनाथ ओटीवर पाट टाकून मीटरसमोर बसला.

दिवा विझलेला होता. त्याला बरं वाटलं. त्याने पंचाने मान पुसली, आणि दिवा लुकलुकला.

चुकून असेल. त्याने घड्याळावर नजर लावली. दहा सेकंद. पुन्हा एक ठिपका. आणखी दहा सेकंद. पुन्हा. घरात एक बल्ब चालू नव्हता, फ्रिजची पिन त्याने स्वतः लोंबकळताना पाहिली होती, आणि तरी वीज घरात शिरत होती. ती जात कुठे होती?

त्याचे तळवे ओले झाले. तो चाळीस वर्षं कारखान्यात होता. जळणारा दिवा नाही, फिरणारा पंखा नाही आणि करंट वाहतोय, याचा अर्थ त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीज कुठल्यातरी वाटेने जमिनीत उतरत होती. भिंतीतून, पत्र्यातून, पाइपातून. जिथे ओल असेल तिथून.

ओल न्हाणीत होती. टाकीचा पाइप न्हाणीच्या भिंतीतून खाली यायचा आणि गेले काही दिवस भिंतीला पोपडे धरले होते. मोटरच्या बटणाकडे जाणारी वायर त्याच भिंतीतून गेलेली, बटण बंद असलं तरी तिच्यात करंट असायचा. आणि आक्काच्या हाताला मुंग्या येत होत्या. कपडे धुवायला बसलं की.

"आक्का!" तो ओरडला. "आक्का, भायेर ये! नळाला हात लावू नको!"

बाजूच्या शेडमधल्या लूमची खटखट भरात होती. त्याचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नाही. तो उठून मधल्या खोलीपर्यंत गेला. न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं. आक्काची पाठ दिसत होती, ती वाकून चादर पिळत होती, ओल्या जमिनीवर अनवाणी. शेजारी लोखंडी नळ, त्याखाली भरत आलेली बादली. पुढे जाऊन तिला ओढावं, तर ती त्याच क्षणी नळाला चिकटली तर तोही चिकटणार. त्याचे पाय जागच्या जागी गोठले. 

आक्काने चादर बाजूला टाकली आणि नळ बंद करायला हात पुढे केला.

तो मागे फिरला. धावला असं म्हणता येणार नाही, भिंतीला धडकत धडकत ओटीवर पोचला. वाटेत स्वयंपाकाच्या ओट्यावरचं लाटणं कधी उचललं ते त्याला नंतर आठवेना. मीटरखाली मेन स्विच होता, ज्याला त्याने या घरात एकदाही हात लावला नव्हता. तो पाटावर चढला, डोळे मिटले आणि लाटण्याने खटका खाली हाणला. एकदा हुकला. दुसऱ्यांदा खट्ट आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा दिवा विझलेला होता. तो दहापर्यंत मोजत राहिला, मग वीसपर्यंत, मग साठपर्यंत. दिवा लुकलुकला नाही.

आक्का ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "अवं, काय झालं? नळाला हात लावला तर असा झटका बसला की हात मागं आला. आणि तुम्ही हे लाटणं घेऊन पाटावर काय करताय?"

 केसरीनाथ तिथेच पाटावर बसला. आक्काने पाणी आणलं तेव्हा तो पेला बाजूला ठेवून म्हणाला, "आधी मनोज वायरमनला बोलाव."

दीपेश तीनला ड्युटीवरून आला, घामाने निथळत. घरात पंखा नाही म्हटल्यावर तो सरळ मेन स्विचकडे वळला. केसरीनाथ बोर्डासमोर उभा राहिला.

"हात लावू नको."

"बाबा, अंगाची आग होतेय. वायरमन येईल तेव्हा येईल. तुमच्या भीतीपायी आम्ही उकडून मरायचं का?"

"उकडून मर," केसरीनाथ म्हणाला. तो जागचा हलला नाही. "मनोज येऊन बघेल. तवर कुणी हात लावायचा नाय."

दीपेशने आयुष्यात पहिल्यांदा बापाला असं बोलताना ऐकलं. तो बाहेर जाऊन बसला.

मनोज वायरमन पाचला आला. पिना अजून काढलेल्याच होत्या; मेन चालू करून त्याने टेस्टर न्हाणीच्या भिंतीला तीन ठिकाणी लावला, नळालाही लावला. टेस्टर पेटला नाही. "काका, काय नाय इथं. मीटर खराब असेल. अर्ज द्या, बदलून मिळेल."

दीपेशने सुस्कारा सोडला. पण केसरीनाथ ओटीवरून मीटरकडे बघत होता. दिवा आता वीस सेकंदांनी लुकलुकत होता. कमी झाला होता, थांबला नव्हता. दुपारपासून उकाड्यात भिंत वाळली होती.

"भिंतीवर पाणी मार," तो म्हणाला.

"काय?"

"लांबून मार. तांब्याने. मग बघ."

मनोजने दारातूनच दोन तांबे भिंतीवर फेकले. ओटीवरून केसरीनाथ मोजत होता. वीस सेकंद होती ती दहा झाली, मग आठ. "आता लाव टेस्टर!"

टेस्टर ओल्या पोपड्याला टेकताच लख्ख पेटला. नळालाही. मनोज दोन पावलं मागे सरला. "आयला," तो हळूच म्हणाला, आणि न सांगता मेन खाली करून आला.

भिंत फोडल्यावर दिसलं ते असं: न्हाणीच्या खिडकीची जाळी बसवताना कुणीतरी मोटरच्या वायरीवरूनच खिळा ठोकला होता. वर्षानुवर्षं तो निपचित होता. पाइप झिरपू लागला तसा ओलीने वीज पसरली. मनोजने नवी वायर वेगळ्या पाइपातून घातली, टाकीचा पाइप बदलला आणि बोर्डावर एक सुरक्षेचा स्विच बसवला, वीज जमिनीत गळू लागली की आपोआप पडणारा. "हा सगळ्यांकडे पाहिजे," तो म्हणाला, "पण कुणी ऐकत नाय." मग आक्काकडे बघून, "काकी, आज तुमचं नशीब. अजून थोडा करंट असता ना..." 

दिपाली संध्याकाळी घरी आली, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली. सगळं बंद करून दिवा बघायला तिनेच सांगितलं होतं. नसतं सांगितलं तर?  मग उठून तिने सासऱ्याच्या समोर चहा ठेवला.

आक्काच्या मुंग्या चार दिवसांत गेल्या. युनिटं पुन्हा सातावर आली. गोष्ट गल्लीत पसरली तशी शेजारपाजारची माणसं केसरीनाथला बोलवू लागली, "केसरीभाऊ, आमचा पण दिवा बघा ना." तो जातो. घरातलं सगळं बंद करायला लावतो आणि मीटरसमोर बसतो. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालत नाही. बहुतेक घरांत कुठेतरी विसरलेला चार्जर निघतो, एकदा फ्रिज निघाला. दिवा लुकलुकला की मात्र तो आधी घरच्यांना न्हाणीतून बाहेर बोलावतो.

भीती गेलेली नाही. उलट आता तो सगळ्यांच्याच वाटचं भितो. सकाळचा आकडा अर्ध्या युनिटाने जास्त दिसला तरी तो न्हाणीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि भिंत बघून होईपर्यंत आक्काला आत सोडत नाही. आक्का बादली घेऊन बाहेर ताटकळते.

"झालं का अवं? कपडे वाळायचे कधी?"

"थांब," तो म्हणतो. "अजून एकदा मोजू दे."

आणि ती थांबते.