यमदूताचं बंद दार

स्टुडिओत बाबांना सगळे ‘यमदूत’ म्हणायचे. घरात झुरळ निघालं की कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडणारा हा यमदूत! आई वैतागायची, “तुमच्याच्याने एक झुरळ मरत नाही, आणि म्हणे यमदूत.” बाबा मेकअपवाले होते, पण नट्यांना सजवायला दुसरे लोक होते. जखमी, मेलेली, सडलेली माणसं तेवढी बाबांच्या वाट्याला यायची.

शाळा सुटली की मी त्यांच्या मेकअपरूममध्ये. पत्र्याच्या पेटीवर बसून गृहपाठ करायचा आणि एक डोळा आरशाकडे ठेवायचा. बाबा कापसाचे पापुद्रे डिंकाने गालावर चिकटवायचे, सुकले की अंगठ्याच्या काळ्या पडलेल्या नखाने टोकरायचे आणि आत लाल-काळा रंग भरायचे. समोरचे काका बघता बघता प्रेत व्हायचे आणि वर मलाच विचारायचे, “काय गं, बरा दिसतोय ना?” भयंकर तोंडं बाबा मी आल्यावरच करायला घ्यायचे. म्हणायचे, “रंग चढताना बघितला की भीती बसत नाही, बाळ.” आणि खरंच, मला ती कधी बसली नाही.

मग तो झॉम्बींचा सिनेमा आला. सगळं शहर मेलेलं, मेलेले रस्त्यावर फिरतायत आणि एक बाप आपल्या लहान मुलीला घेऊन जीव वाचवत पळतोय. मुलीचं काम करणारी पोर तापाने आडवी झाली. दिग्दर्शक दुसरी शोधत गावभर फिरला. काखेत कळसा! मी पेटीवरच तर बसले होते.

पण माझं एकच बिनसायचं. झॉम्बी धावून आले की मी खुदकन हसायची. एकदा तर भर शॉटमध्ये ओरडले, “काका, तुमचा कान सुटतोय!” दिग्दर्शकाचं डोकं फिरलं. “उद्या हिला खरंच घाबरवायचं. कपाटातून अनोळखी माणूस अंगावर येऊ दे. जमत नसेल तर दुसरी पोर आणतो, आणि दुसरा मेकअपवालाही.”

पुढे आईने मला सांगितलं, की बाबा त्या दिवशी नीट जेवलेच नाहीत. माझ्या पोरीला कुणीतरी घाबरवणारच असेल तर तो मीच का नसावा, असा हिशोब त्यांनी केला. क्षणभर घाबरेल, मग मला ओळखेल आणि हसेल. दिग्दर्शकाला ते म्हणाले, “कपाटात मी थांबतो.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी मेकअपरूमचं दार पहिल्यांदाच लावून घेतलं. “आज बाहेर बस हं,” म्हणाले. मी फुरंगटून बाहेर बसले.

शॉट सुरू झाला. सिनेमातल्या बापाने माझा हात धरून कपाट उघडलं. आतून एक प्रेत माझ्यावर झेपावलं. गाल लोंबणारे, एक डोळा पांढराफटक. तोंड ओळखीचं नव्हतं, पण अंगठ्याचं ते काळं नख मी हजारात ओळखलं असतं. हा रंग चढताना मी पाहिला नव्हता. म्हणजे हा रंग नव्हताच. माझे बाबा खरोखर मेले होते.

“बाबाऽऽ!”

त्या किंकाळीवर पुढे थिएटरं रडली. लोक अजून म्हणतात, काय हाक मारलीय हो पोरीने बापाला!

शूटिंग तिथेच थांबलं. बाबांनी मला मांडीवर घेतलं, माझी बोटं तेलात बुडवून आपल्या गालावर फिरवली आणि सगळा रंग माझ्याच हातांनी उतरवून घेतला. “बघ, खाली मीच आहे. बघ ना.” ते दार त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फारच आठवण आली की मी तो सिनेमा लावते, तेवढ्या दृश्यापुरता. माझा हात धरलेल्या देखण्या नटाकडे सगळे बघतात. त्याचा हात झिडकारून मी कपाटाकडे धावते, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तिथे एक झॉम्बी चावायचं विसरून गुडघ्यांवर बसलाय आणि दोन्ही बाह्यांनी घाईघाईने तोंड पुसतोय.