मिठूचा अड्डा

दारव्ह्याला आमच्या क्वार्टरच्या दारी सरपणाची मोळी घेऊन येणारी एक तांड्यावरची बाई होती. तिचे उपकार आधी लिहून ठेवते, काय झालं ते मागून. झालेलं सांगायला लागले की मी रडत बसते आणि ज्या माणसाचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. शाळा माझी चौथीत सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात कोणी नव्हतं. त्यामुळे पुढचं मागं नि मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्यावं. पण एवढं खरं, की ती बाई नसती तर आमचा राघू त्या पिंजऱ्यातच मेला असता.

विदर्भ मुंबई राज्यात आला तशा कोकणातल्या माणसांच्या इकडे बदल्या झाल्या. आमचे हे सरकारी जीपवर ड्रायव्हर. रत्नागिरीकडून उचलले ते थेट यवतमाळ जिल्ह्यात टाकले. मी नुकती लग्न होऊन आलेली. निघताना आईनं मला तिचा राघू दिला. भांड्याकुंड्यांपेक्षा तो दिलेला मला जास्त आवडला. पत्र्याच्या पिंजऱ्यात, मांडीवर घेऊन, गाड्या बदलत बदलत आम्ही त्याला आणला. आई रोज परसात मला हाक मारायची तीच हाक त्याच्या तोंडात बसलेली होती. "जेवलीस काय गो?" आवाजही तिचाच, 'गो'वर जरासा हेल काढलेला.

इथं तो 'गो' कुणाच्याच तोंडी नव्हता. इथं सगळ्या 'वो' म्हणायच्या. मी 'मला' म्हटलं की शेजारणी हसायच्या. "मला मला काय करून राह्यली वो? मले म्हण, मले!" मी घाबरट, त्यात नवखी. नळावर सुद्धा सगळ्यांचं भरून झाल्यावर जायची. हे जीप घेऊन कधी बाभुळगाव, कधी आणखी कुठं दौऱ्यावर. दिवसच्या दिवस घरात बोलणारा एक राघूच.

दुसऱ्या वर्षी आई गेली. पोस्टकार्ड पोचलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. जाऊन काय करायचं, असं हे म्हणाले, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. मी कार्ड चुलीच्या फळीवर ठेवलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, "जेवलीस काय गो?" त्या दिवशी मी जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या आवाजासाठीच जेवले.

म्हणून त्याचे पाय बिघडले तेव्हा माझी काय गत झाली असेल ते समजून घ्यावं. पिंजऱ्यात बसायला एकच आडवी लोखंडी सळई, गुळगुळीत, इकडून तिकडे एकाच जाडीची. वर्षानुवर्षं त्याच ठिकाणी बोटं आवळून आवळून तळव्यांना गाठी आल्या, मग त्या फुटल्या. तो एक पाय उचलून बसायचा, मग दुसरा उचलायला बघायचा आणि तोल जायचा. शेवटी खाली तळाशी जाऊन पोटावर बसला. मिरची टाकली तरी नको. बोलणं बंद.

"अगो, पाखराला काय झालंच तर दुसरा आणू," हे म्हणाले.

"दुसरा काय आईसारखा बोलेल?"

ते उठून हळद घेऊन आले आणि लावायला बसले. हळद लावली, तूप लावलं. पण पाय पुन्हा त्याच सळईवर. मग गुण कसा यायचा!

अशात ती मोळीवाली आली. नेहमी यायचीच. पायघोळ घागरा, चोळीवर कवड्या आणि आरशाचे तुकडे, आणि तोंड तर असं, की ती गल्लीच्या टोकाला असतानाच कळायचं. मोळी टाकली आणि मला बघितलं.

"काहून वो बाई, रडून राह्यली? मालकानं मारलं काय?"

"नाही मावशी. राघूचे पाय."

तिनं वाकून बघितलं. "अरे राम! याले त खिळ्यावर बसवून ठेवलं तुम्ही. तू बसशील काय जनमभर एका सळाखीवर?"

"मग काय करू?"

"मले काय मालूम! आमच्या तांड्यावर कोंबड्या हायेत, मिठू नाई. पण पाखरू झाडावर राह्यते ना? त झाडच आणू घरात. अड्डा बनवू याचा."

अड्डा म्हटल्यावर मी दचकलेच. आमच्याकडे अड्डा जुगाराचा. मी तसं म्हणाले, तर ती कंबरेवर हात ठेवून हसली. "मंग खेळू दे ना त्याले जुगार! मिठूच्या बसाची जागा म्हणजे अड्डा, बाई." जाताना सांगून गेली, "जामाची फांदी तोडून आणजो. साल काढू नको. मी परवा येतो, मंग बांधू."

जामाची फांदी. हे माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे जाम म्हणजे पांढरी पाणीदार फळं धरणारं झाड. ते इथं कुठून असणार? हे दौऱ्यावरून आले तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "जांभळाला म्हणत असतील. इकडचे लोक अर्धाच शब्द बोलतात." आणि जीपच्या मागं टाकून जांभळाची एक चांगली लांब फांदी घेऊन आले. मला परवापर्यंत दम कुठला! मीच ती पिंजऱ्याबाहेर दोन विटांच्या थरांवर आडवी टाकली, वर दगड ठेवले आणि राघूला उचलून बसवलं. त्याचे पंख कातरलेले असायचे, उडण्याची भीती नव्हती. त्याला बरं वाटलं असावं. मान हलवली, फांदी चोचीनं चाचपली. मी आत चहा टाकायला गेले आणि कड् असा आवाज झाला. जांभळाचं लाकूड दगाबाज, हे आमच्या गावातल्या पोरांना सुद्धा ठाऊक, वर चढलेली कितीतरी जणं पडलेली. पण जाम आणि जांभूळ यांच्या घोळात मला ते सुचलंच नाही. राघू दगडावर पडला. एका पायाचं नख मुळापासून उखडलं, रक्त थांबेना. चुलीतली राख दाबून धरली तेव्हा थांबलं.

मावशी आली, तिनं फांदीचे तुकडे बघितले आणि कपाळावर हात मारला.

"अवो, हे त जांभूळ हाय! म्या जाम सांगतला होता, जाम!"

"जाम म्हणजे काय पण?"

"जाम म्हणजे जाम! आतून गुलाबी निंगते, बारीक बिया, मीठ लावून खाते पोट्टे..."

"पेरू?"

"पेरू काय असते?"

तिचा जाम तोच आमचा पेरू, हे तेव्हा कुठं उलगडलं. मग तिला हसू आलं, मला रडू. ती म्हणाली, "रडू नको. तुह्या पेरूच्या आन् माह्या जामाच्या मधात बिचारा मिठू पडला. आज मी सोता आणतो."

स्टेशनाकडच्या बागेतल्या राखणदाराशी भांडून तिनं पेरूची छाटलेली फांदी आणली. वाकडीतिकडी, गाठीची, कुठं अंगठ्याएवढी तर कुठं मनगटाएवढी. ती म्हणाली, अशीच पाहिजे, दर पावलाला बोटं वेगळी पसरली पाहिजेत. आम्ही ती धुतली, उन्हात वाळवली. शेजारच्या शेतकरीणबाईंनी वखराचा मोडका दांडा दिला. नळावर मला हसणाऱ्या त्याच. देताना म्हणाल्या, "नवऱ्याले खाट नाई धड, आन् मिठूले पलंग!" पण दांडा चांगला दिला. रॉकेलचा फुटका डबा होता. त्यात दांडा उभा धरून भोवती दगड आणि मुरूम ठासला, पाणी शिंपडून पुन्हा ठासला. दांड्याला पेरूच्या दोन फांद्या अंबाडीच्या दोरीनं आडव्या बांधल्या, एक वर, एक खाली. पहिल्यांदा गाठ सैल पडली आणि फांदी राघूसकट गरकन फिरली. तो वटवाघळासारखा उलटा लोंबकळला आणि आजारी असून सुद्धा असा काही ओरडला, की मावशी म्हणाली, "शिव्या देऊन राह्यला कोकणातल्या!" मग ओल्या दोरीनं फुलीची गाठ घातली. दोरी वाळली तशी ती आवळत गेली आणि फांदी जागची हलेना. दुखऱ्या पायासाठी एका ठिकाणी दोरीचेच वेढे घालून मऊ बैठक केली. घरून आणलेली नारळाची करवंटी पाण्याला बांधली. खेळायला ज्वारीचं कणीस टांगलं, दोऱ्याचं रिकामं रीळ टांगलं. सगळं झाल्यावर मावशीनं आपल्या चोळीची एक कवडी दातानं तोडली आणि तीही ओवून टाकली. बाजारातून काही म्हणजे काही आणलं नाही.

दिवसा अड्डा अंगणात, अंधार पडायच्या आत राघू पिंजऱ्यात, मांजरांच्या भीतीनं. पिंजऱ्यातली सळई काढून तिथंही पेरूचा तुकडा बसवला. तो साल सोलायचा, लाकूड कुरतडायचा, आणि फांदी संपत आली की मावशी मोळीत नवी खोचून आणायची. हळूहळू गाठी बसल्या. नख मात्र परत आलं नाही. पण तो चालायला लागला, खालच्या फांदीवरून चोचीनं धरून वरच्या फांदीवर चढायला लागला. मी सकाळ-संध्याकाळ वाट बघत होते. पाय बरे झाले, आता बोलेल.

आणि तो बोलला. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. मान तिरकी करून त्यानं ठसक्यात विचारलं, "जेवली काय वो?"

हुबेहूब मावशीचा आवाज.

दुखण्यात तो गप्प होता तेव्हा त्याच्या कानावर अंगणातलंच बोलणं पडत होतं. घरात असता तर फक्त मी होते, आणि मी तर मुळात बोलतच नव्हते. मी शेंगांची परात बाजूला ठेवली, त्याच्यापुढे उभी राहिले आणि आईसारखा हेल काढून म्हणाले, "जेवलीस काय गो?" तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा म्हणाले, पुन्हा. माझ्या आवाजात तो हेल येईना. तेव्हा मला कळलं, की आईचा आवाज मलाही नीट आठवत नाही. त्याच्या भरवशावर मी तो आठवून ठेवलाच नव्हता.

मावशीला मी सांगणार नव्हते. पण तिच्यासमोरच तो "वो" म्हणाला आणि माझं तोंड बघून तिला समजलं. ती खाली बसली. "माहं तोंडच जळो," म्हणाली. "तुह्या मायचं बोलणं म्या खाल्लं."

"तसं नाही हो मावशी."

"तसंच हाय."

त्या दिवसापासून ती गप्प झाली. गल्लीच्या टोकापासून ऐकू येणारी बाई अंगणात शिरायची ती ओठांवर बोट ठेवून. मोळी आपटायची नाही, हळू टेकवायची. शेतकरीणबाई मोठ्यानं बोलल्या तर त्यांनाच डोळे वटारायची. तिची मुलगी एकदा "याडी, याडी" करत मागं आली, आपल्या आईला हाक मारत, तर तिचं तोंड हातानं दाबून तिला फाटकाबाहेर नेलं. मिठूला काही ऐकू यायला नको, म्हणजे जुनं वर येईल, असं तिच्या मनानं घेतलेलं. अड्ड्याशी उभी राहून ती नुसती त्याच्या पाठीवरून बोट फिरवायची आणि जायची. आमचं अंगण असं सुनं झालं की आई गेली तेव्हाही झालं नव्हतं.

जुनं वर आलं नाही. थंडी सरली, घाटे आले, राघू हरभऱ्याचे दाणे सोलून खायला लागला. बोलला नाही. मावशीही बोलली नाही. एक दिवस ती मोळी टेकवून तशीच निघाली आणि माझ्याच्यानं राहवेना. मी तिचा घागरा धरला.

"मावशी, बोला. मोठ्यानं बोला. मला घर खायला उठतं."

"आन् तुह्या मायचा आवाज?"

"तो गेला. तो नाही यायचा आता. तुम्ही तरी बोला."

 मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि फाटकाकडे तोंड करून ओरडली, "ऐकलं काय वो सगळ्याईनं? हे बाई म्हणते, बोला! मंग मले कायले कोणी चूप करता?" शेतकरीणबाई आतून म्हणाल्या, "तुले कोण चूप करते, माय! सुटली एकदाची!" राघूनं पंख फडफडवले. मी हसले आणि तिथंच फाटकात बसून पोटभर रडले. आई गेल्यापासून तशी रडलेच नव्हते. ती शेजारी बसली, आणि मी रडत असताना ती बोलतच होती. तांड्यावरच्या भांडणांचं, लेकीच्या लग्नाचं, कशाकशाचं.

पुढं ती माणसं फुलसावंगीकडे गेली. तिकडे लेक दिली होती, शेतीचं काम होतं. आमचीही जिल्ह्यातच दुसरीकडे बदली झाली. राघू आणखी काही वर्षं जगला, पेरूच्या फांदीवरच बसून, "वो" म्हणतच. तो गेल्यावर अड्डा मी मोडला नाही, त्यावर आता मुलांची झबली वाळतात.

मागच्या हंगामात हे जीप घेऊन फुलसावंगीला गेले होते. मावशी भेटली. म्हणे डोळ्यांवर पडदा आलाय, माणूस आवाजावरून ओळखते, काटक्या हातानं चाचपून वेचते. यांना तिनं विचारलं, पोरगी कशी हाय, म्हणजे मी. स्वतःच्या डोळ्यांचं काही बोलली नाही.

माझा धाकटा अजून अंगावर पितो. तो चालायला लागला की मी फुलसावंगीला जाईन. तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जाईन, तिचा नंबर लागेपर्यंत तिच्याजवळ बसेन आणि ऑपरेशन होऊन डोळ्यांची पट्टी सुटेपर्यंत माझ्या हातानं तिला जेवू घालीन. मी एकटी कधी एसटीत बसलेली नाही, भीती वाटते. तरी जाईन. हे लिहून ठेवते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.