गाडीची प्रदक्षिणा

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी नवा ड्रायव्हर झालो. त्याआधी अठरा वर्षं रावेर-सावद्याकडची केळी छोट्या ट्रकमधून वाहिली होती. पण मालकाने गाडी विकली आणि मी धरणगावला घरी येऊन बसलो. सहा महिन्यांनी धुळ्याच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत लागलो, तेही तीन महिन्यांच्या ट्रायलवर. चौदा चाकांची गाडी, आत कॅमेरा, आणि गाडी कुठे किती वेळ उभी राहिली ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसणार. जरा थांबलं की कंट्रोल रूममधल्या मुलीचा फोन, "भाऊ, गाडी का उभी आहे?" बायकोने उभ्या संसारात विचारलं नसेल तितक्या वेळा त्या पोरीने मला विचारलं असेल.

त्या दिवसांत मी फार थकलो होतो. अंगाने तर होतोच, पण मनानेही. देवावर राग नव्हता, त्याच्याशी बोलणंच बंद झालं होतं. घरी बसलेल्या सहा महिन्यांत मी त्याला इतकं विनवलं होतं, की नंतर हाक मारायचीच लाज वाटायला लागली. वाटेत देऊळ दिसलं की हात कपाळाला जायचा, पण तो सवयीने. आत कोणी आहे की नाही याचा विचारही मनात येत नसे. उगाच थांबल्याबद्दल मला दोन नोटिसा आल्या होत्या. तिसरी आली की घरी, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. बायकोने मात्र गल्लीभर सांगून टाकलं होतं की आमचे हे आता मोठ्या कंपनीत कायम होणार.

पहिला महिना कंपनीने माझ्याशेजारी एक जुना ड्रायव्हर बसवला होता. साठीला आलेला, अमळनेरकडचा माणूस. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांच्या दोन गोष्टी ठरलेल्या. रोज सकाळी गाडी काढण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत, प्रत्येक टायरला हात लावत, वाकून खालचे पाइप बघत. मला म्हणत, "भाऊ, देवले प्रदक्षिणा नही मारी तरी तो राग धरत नही. गाडीले मारनी." दुसरी गोष्ट सेंधव्याच्या पुढच्या घाटाची. तिथे उतार सुरू होण्याआधी बिजासनी देवीचं ठाणं आहे. आबा तिथे गाडी उभी करत, पाच-दहा मिनिटं खाली उतरत, हात जोडत आणि मग ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये हळूहळू उतरत. मी केळीच्या गाडीवरचा माणूस. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची आणि डिझेल वाचवायचं, हे माझ्या हातात मुरलेलं. छोट्या गाडीला, छोट्या उताराला ते खपून जायचं. आबांनी चार वेळा माझा हात गिअरवरून बाजूला केला होता. दुसऱ्या महिन्यापासून आबा नव्हते, आणि हात माझाच होता.

तिसऱ्या महिन्यातली शेवटची फेरी होती. इंदूरकडून लोखंडाचा माल भरून धुळ्याला यायचं होतं. वीस दिवस घर पाहिलं नव्हतं, पाठ दगडासारखी झाली होती. त्या सकाळी मी गाडीला फेरी मारली नाही. मोबाइलवर तपासणीची यादी येते, टायर, ब्रेक, दिवे. मी सीटवर बसल्या बसल्याच सगळीकडे 'ठीक' दाबलं. हे लिहितानाही लाज वाटते. वाटेत हवेच्या ब्रेकचा काटा नेहमीपेक्षा खाली दिसत होता. तो मी पाहिला, आणि पाहूनही पुढे निघालो. आज देवीपाशी थांबायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. थांबलो की पडद्यावर दिसणार, फोन येणार, नोटीस येणार. उताराला न्यूट्रल टाकायचं आणि दिवेलागणीच्या आत धुळे गाठायचं असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दुपारची वेळ. ठाणं मागे पडलं, आणि उताराच्या जरा अलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी उभी दिसली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. तिने हात वर केला. गाडीत कोणाला घ्यायचं नाही हा कंपनीचा नियम, म्हणून मी पुढे गेलो. पण मनात टोचलं. माझी आई अशीच स्टँडवर हात करून उभी राहायची आणि गाड्या न थांबता जायच्या. काय झालं कोण जाणे, शंभरेक पावलांवर मी गाडी बाजूला घेतली. निदान तिला सांगावं की माय, माझ्या हातात नाही, मागून बस येतेय. इंजिन बंद केलं आणि खाली उतरून मागे चालू लागलो.

मागच्या चाकांपाशी पोचलो तेव्हा आवाज ऐकू आला. बारीक, सुस्स असा. वाकून बघितलं तर हवेचा पाइप लोखंडाला घासून घासून चिरला होता आणि हवा जात होती. मी तिथेच खाली बसलो. इंजिन जोरात चालू असेतोवर हवा भरत राहते. पण मी तर न्यूट्रल टाकणार होतो. इंजिन मंदावलं असतं, उतारावर ब्रेक दाबत दाबत होती ती हवाही संपून ब्रेकच गेले असते, मागे लोखंड आणि पुढे वळणं. पुढचं मी मनात पुरं केलं नाही. वर पाहिलं तर म्हातारी तिथे नव्हती. कुठल्यातरी गाडीत बसून गेली असेल असं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. "भाऊ, गाडी का उभी आहे?" पाइप आत्ताच फुटला असं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आतून कोणाला तरी हाक गेली, आई, आता तूच बघ, आणि मी खरं ते सांगून टाकलं. "ताई, पाइप चिरलाय. सकाळी मी गाडी बघितलीच नाही. न बघता ठीक लिहिलं." ती म्हणाली, "भाऊ, गाडी हलवू नका. मेकॅनिक पाठवते. पाणी प्या आधी." मला रडूच आलं.

कायम मी झालो नाही. ट्रायल तीन महिने वाढली, आणि साहेब म्हणाले, "खोटं लिहिलं म्हणून घरीच पाठवणार होतो, खरं बोललात म्हणून ठेवतोय." शिक्षा म्हणून पुन्हा आबा शेजारी बसले. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सगळं विचारून घेतलं आणि घाटातल्या देवीसाठी खण आणून माझ्या पिशवीत ठेवला.

पुढच्या फेरीला आम्ही ठाण्यापाशी थांबलो. खण वाहून जरा पुढे चालत आलो, तर रस्त्याच्या कडेला तीच म्हातारी, तेच गाठोडं. मी धावतच गेलो. म्हणालो, "माय, त्या दिवशी तुला गाडीत घेतलं नाही, राग धरू नको."

तिने काखेतलं पाल्याचं गाठोडं सावरत मागच्या घराकडे बोट दाखवलं. "मी कशाले बसू तुनी गाडीमा? मनं घर आठेच शे, मांगे. गुडघा दुखतस, देवळापावत चालावत नही. मी रोज आठूनच देवीले हात करस."

आबा हसले नाहीत. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला, मग मीही केला.

यात चमत्कार होता का, मला माहीत नाही. मी शिकलेला माणूस नाही, वाद घालायची ताकदही नाही. थकवा अजून गेलेला नाही, पाठ दुखतेच. पण रोज सकाळी गाडीला फेरी मारतो, आणि घाटाच्या तोंडाशी थांबतो. त्या पोरीचा आता तिथे फोन येत नाही. थांबलो की तेच आठवतं. त्या म्हातारीने हात मला केलाच नव्हता. तो देवीला होता, मी फक्त मधे आलो होतो.