भोपाळच्या मानाने

घास तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "भोपाळच्या मानाने छान झालीय हो!" आमच्या समोरच्या काकूंची ही रीत. अशी एखादी काकू तुमच्याही शेजारी असेलच. लग्न होऊन त्या पुण्याहून इथे भोपाळच्या इंद्रपुरीत आल्या, काका कारखान्यातून रिटायरही झाले, पण काकूंची फूटपट्टी काही पुण्याहून हलली नाही.

बिट्टन मार्केटच्या बाजारात भाजीवाला म्हणाला, "माताजी, भिंडी एकदम ताज़ी है."

"भोपाल के हिसाब से ताज़ी है," काकू म्हणाल्या.

"तो और कहाँ के हिसाब से होगी?" तो बिचारा गोंधळून गेला. काकूंनी तेवढ्यात अर्धा किलो निवडूनही घेतली.

माझ्या पुरणपोळीला वर्षानुवर्षं तोच शेरा. एकदा मी चिडलेच. "काकू, कधीतरी नुसतं छान म्हणा की!"

"नुसतं छान असं काही नसतं गं. कशाशी तरी ताडून बघावंच लागतं."

"मग काका कसे आहेत?"

"भोपाळच्या मानाने बरे आहेत."

पेपरामागून आवाज आला, "मी साताऱ्याचा आहे."

गेल्या वर्षी या साताऱ्याच्या माणसाच्या छातीत कळ आली. बायपास करावी लागणार होती. मुलगा पुण्याहून निघाला होता, पण तो पोचायच्या आतच काकांना ऑपरेशनला नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघीच. काकूंनी काकांचा चष्मा मुठीत घट्ट धरला होता. मी आणलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

"डॉक्टर चांगला आहे ना गं?" त्यांनी विचारलं.

"भोपाळमधला सगळ्यात चांगला आहे, काकू."

त्या एकदम उसळल्या. "भोपाळचं मरू दे! चांगला आहे का, तेवढं सांग."

मला डॉक्टरकीतलं ओ की ठो कळत नाही. तरी मी त्यांचा हात धरला आणि ठोकून दिलं, "चांगला आहे."

"हं," म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. त्यांना तेवढं पुरलं.

काका खडखडीत बरे झाले. मग मुलाने दोघांनाही पुण्याला नेलं. समोरच्या दाराला कुलूप आहे आणि मला इथे अजिबात करमत नाही.