जवाई नावाचं इंजिन

माझ्या भावानं शेतातल्या पाण्याच्या इंजिनाचं नाव ‘जवाई’ ठेवलं होतं. गड्याला हाक मारायचा, "जवायाले रॉकेल पाज रे!" इंजिन खोकायला लागलं की, "घाल एक लाथ, जवायाले लाथेशिवाय समजत नाही." अख्खा दवनीवाडा, माझं माहेरगाव, दात काढायचा. आणि ज्याच्यावरून ते नाव पडलं तो माझा नवरा, त्या घरचा खराखुरा जवाई, ओसरीवर कपबशी हातात धरून बसलेला असायचा.

हे सगळं एका गाडीपायी झालं, म्हणून गाडीपासूनच सांगते.

माझा नवरा गोंदियाच्या शाळेत मास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणते. सन दोन हजारच्या आसपास त्यांनी आयुष्यातली पहिली कार घेतली. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्याच वर्षी तीच कार घेतली. पण त्याच्या कारमध्ये मोठं इंजिन होतं आणि अंगावर लाल पट्टा होता. शोरूमवाले तिला रेसिंगवाली म्हणायचे. आमची साधी. पट्टा सोडला तर दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी दिसत. दादाची धानाची शेती, वर राइस मिल. गुरुजींचा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबलेला. मग मास्तरानं आपल्यासारखीच गाडी घ्यावी, हे दादाला पहिल्या दिवसापासून सलत होतं.

त्या हिवाळ्यात माहेरची सगळी मंडळी घाटावरच्या दरेकशाकडे, तिथंच रांधून खायला निघाली. आमच्या गाडीत बायका, पोरं, भात शिजवायचे गंज, तांदळाची पिशवी. घाट लागला आणि गाडीला धाप लागली. दादा वर गेला होता, तो गाडी वळवून खाली आला, आमच्या समोर उभा राहिला आणि टाळ्या वाजवत म्हणाला, "उतरा, उतरा सारे! गुरुजीची गाडी चढत नाही. पायी चाला, जेवण पचते."

बायका उतरल्या. मी उतरले. माझी सात वर्षांची पोरगीही पाण्याची बाटली घेऊन उतरली. दादानं आपली गाडी आमच्या बाजूनं चालवली, बैलगाडीसारखी, हॉर्न वाजवत. "गुरुजी, मागून धक्का मारू काय?" त्याच्या गाडीत माझे बाबा बसले होते. सख्खा बाप माझा, हसून हसून डोळे पुसत होता.

वर पोचल्यावर पोरगी रडायला लागली. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझ्या लग्नात तुला याच गाडीत, याच घाटानं नेईन. कोणी म्हणजे कोणी उतरणार नाही." गुरुजी कधी शब्द देत नाहीत. सहज म्हणून दुकानातून साखर आणायलाही ‘पाहतो’ म्हणतात. त्या दिवशी दिला.

मी म्हटलं, "ही विका आणि असली घ्या, दादाकडे आहे तशी."

"अंग तेच आहे," ते म्हणाले. "फक्त जीव बदलायचा."

त्यांनी जीव बदलला. गोंदियातल्या एका मिस्त्रीनं रायपूरकडून एका ठोकलेल्या रेसिंगवालीचं इंजिन आणलं आणि आमच्या गाडीत बसवलं. ब्रेकही तिचेच लावले. "गुरुजी, अब उड़ेगी," म्हणाला. त्यांची शाळा, माझा संसार, सगळं त्या गॅरेजच्या वाऱ्या करण्यात गेलं म्हणा ना. मी रोज भांडले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बसले तेव्हा मात्र पाठ सीटला चिकटली आणि मी लहान पोरीसारखी ओरडले.

पुढच्या महिन्यात दवनीवाड्याच्या रस्त्यावर दादाची गाडी पुढं दिसली.  गुरुजींनी नुसता गिअर टाकला आणि तिला मागं टाकलं. मी मान वळवून दादाचं तोंड पाहिलं. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

 काही दिवसांनी दादा त्या मिस्त्रीकडे गेला आणि आमच्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन भंगाराच्या भावात उचलून आणलं. शेतात सिमेंटचा चौथरा बांधला, त्यावर ते बसवलं, पंप जोडला. पेट्रोलवर सुरू करायचं, मग रॉकेलवर टाकायचं. आणि बारसं केलं. जवाई.

बाबा खाटेवरून विचारत, "आज जवाई किती पाणी ओतून राहिला?" घरात पुन्हा हसू.

मी एकदा शेतात गेले, भर धानात. "दादा, नाव बदल त्याचं."

"काऊन? एवढं चिडाले का झालं?"

"माझ्या नवऱ्याचा पाणउतारा करून राहिला तू. साऱ्या गावासमोर!"

"अवो बाई, असली ते असली असते. इंजिन बदललं म्हणून खानदान बदलते काय? त्यानं माह्या मागं राहावं, बस. मी काही म्हणत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रॉकेलचा डबा उचलला आणि बांधावर पालथा केला. दादा गड्याला म्हणतो, "पाह्य रे, बाईनं नवऱ्याचं जेवण सांडवलं!"

त्या दिवसापासून गुरुजींनी दवनीवाड्याला पाय लावला नाही. मी एकटी एसटीनं जाऊन यायची. बाबा वारले तेव्हा ते आले, खांदा दिला, पाणी न पिता परतले. शेताकडून इंजिनाचा ढुसढुस आवाज येत होता. बाप गेल्याच्या दिवशीही दादानं ते बंद ठेवलं नव्हतं.

पोरीचं लग्न ठरलं ते त्याच घाटापलीकडे, छत्तीसगडात, डोंगरगडच्या बाजूला. गुरुजींना वाटलं, देवानंच ठरवलं. आमच्याकडे आईबाप मुलीला पोचवायला जात नाहीत, पण त्यांनी व्याह्यांना हात जोडून कबूल करून घेतलं की घाटाच्या माथ्यापर्यंत पोरगी माझ्या गाडीत, तिथून पुढं तुमच्या जीपमध्ये. गाडी जुनी झाली होती. त्यांनी ती पुन्हा रंगवली. झेंडूच्या माळा स्वतः ओवल्या.

मी म्हटलं, दादाला बोलवू नका. ते म्हणाले, "मामाशिवाय पोरगी मांडवात कशी येईल?"

दादा आला. दारात त्याच्या मोठ्या नव्या गाड्या असतानाही तो लाल पट्ट्याची तीच जुनी घेऊन आला. आमच्यासमोर यायचं असलं की तो तीच काढायचा. मागं टेम्पो होता. चार जणांनी टेम्पोतून ते इंजिन उतरवलं आणि मांडवाच्या खांबाशी ठेवलं. धुऊन पुसून चकचकीत. वर हळद-कुंकू, आणि बाशिंग बांधलेलं.

"म्हटलं, नवरदेवाकडच्या पाहुण्यांनी नावं ठेवू नये," दादा मोठ्यानं म्हणाला. "पोरीच्या लग्नाले जवाईच नाही आणला म्हणून!" मग व्याह्यांना हिंदीतून पहिल्यापासून सगळी कथा सांगितली. घाट, बायका, रॉकेल, लाथ, सगळी. मांडव हसला. व्याही हसले. आणि सगळ्यात मोठ्यानं हसला तो आमचा होणारा जवाई, घोड्यावरून नुकताच उतरलेला.

गुरुजींनी बाशिंगाची सुटलेली गाठ नीट केली. "आणलं ते बरं केलं," म्हणाले. "जेवून घ्या."

त्या गाठीला लागलेली त्यांची बोटं मी विसरू शकत नाही. मला वाटलं, ओरडावं, लग्न मोडावं. पण आत पोरगी मुंडावळ्या बांधून बसली होती.  मामानं तिला हात धरून मांडवात आणलं. लग्न लागलं.

दुपारी निरोपाची वेळ झाली. गुरुजींनी झेंडूच्या गाडीचं दार उघडून धरलं. पोरीनं एक पाय आत टाकला तेवढ्यात नवरदेव म्हणाला, "बाबूजी, बुरा मत मानना. रास्ते में उतरना पड़ा तो? हम मामाजी की असली वाली में जाएंगे."

पुन्हा हशा. दादानं लगेच आपल्या गाडीचं दार उघडलं. पोरगी तशीच, एक पाय आत, एक बाहेर. तिनं बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? नवरा हात धरून उभा, सासरचे सगळे बघत. तिनं पाय बाहेर काढला.

मेल्यांनो, तुमचं वाटोळं होवो, असं मी मनात म्हटलं. आजही म्हणते.

गुरुजी गाडीत जाऊन बसले. "माथ्यापर्यंत म्हटलं होतं," एवढंच बोलले. मी शेजारी बसले. मागची सीट रिकामी.

घाटात दादाची गाडी पुढं होती. चढावर त्यानं मुद्दाम वेग कमी केला आणि खिडकीतून हात काढून खुणावलं, ये, ये पुढं. मागच्या काचेतून नवरदेव वळून आमच्याकडे बघत हसत होता. पोरीची मान खाली. ती एकदाही वळली नाही.

"काढा पुढं!" मी ओरडले. "एकदा तरी काढा! कायले बसवलं मग ते इंजिन?"

"एका बाजूनं दरी आहे," गुरुजी म्हणाले. "आणि पोरगी त्या गाडीत आहे."

त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि मागंच राहिले. दादा वाजवत होता, तोच तेव्हाचा हॉर्न. पुढं एका लाकडाच्या ट्रकला त्यानं ओलांडलं आणि दिसेनासा झाला. आम्ही ट्रकच्या मागं.

माथ्यावर पोचलो तेव्हा जीप पोरीला घेऊन गेली होती. दादा एकटाच आपल्या गाडीला टेकून उभा होता. आमच्या बॉनेटवरच्या माळेकडे पाहून म्हणाला, "काय गुरुजी, चढली म्हणायची शेवटी?"

"हो," गुरुजी म्हणाले. "चढली."