बागेची गुलाबी तिकिटं

कॅम्पात चार माणसं एका खोलीत सहा वर्षं राहिली की किस्से साचतातच, झाडून काढायला कुणाला सवड असते? सौदीत, धाहरानजवळच्या आमच्या खोलीतले निम्मे किस्से एकट्या अनंताचे. अनंता वेल्डर, गुहागरकडचा. वडिलांची तिकडे रस्त्याला लागून बाग होती. बैलगाडीची फेरी, झोपाळे, कोकम सरबत आणि गेटवर स्वतः वडील गुलाबी तिकिटं फाडायला! वडील गेले, बाग बंद पडली. ती पुन्हा सुरू करायची एवढ्यासाठीच हा वाळवंटात आला होता.

*

दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाल्याने त्याच्या बॅगेतून जुन्या तिकिटांचा गठ्ठा काढला. "हे काय?"

अनंताने एक तिकीट टर्रकन फाडलं, अर्धं साहेबाच्या हातात दिलं नि म्हणाला, "आमची बाग! फॅमिली, वेलकम!"

साहेब हसत सुटला. "यल्ला, यल्ला!" म्हणत त्याने बॅग पुढे ढकलली.

*

पलंगाच्या वर त्याने बागेतली पत्र्याची पाटी टांगली होती: 'चालत्या गाडीत उभे राहू नये.' तपासणीला आलेल्या मल्याळी सेफ्टीवाल्याने विचारलं, "ये क्या लिखा है?"

"सेफ्टी नोटीस, सर!"

त्या महिन्यात बेस्ट रूमचं बक्षीस आम्हाला!

*

एकदा धाकट्या भावाने मुखत्यारपत्र पाठवलं. सगळं इंग्रजीत. "बागेत विजेचा मीटर घ्यायचाय, दादा." असल्या कागदांवर शिक्के मारायला दूतावासाची माणसं दम्मामला आली होती, रांग ही एवढी, आणि आमची बस सुटायच्या बेतात. अनंता एकेक ओळ वाचत बसला. मीच खेकसलो, "सही मार रे! सख्ख्या भावाचा कागद कसला वाचतोस?"

साक्षीदार म्हणून सहीसुद्धा माझीच.

*

वर्षभराने शेजारच्या खोलीत चिपळूणचा नवा फिटर आला. अनंताच्या टोपीवरचा बागेचा बिल्ला बघून ओरडला, "अरे, शाळेच्या सहलीला गेलेलो मी इथे!"

झालं! अनंताने आठवडाभर त्याला स्वतः चहा करून पाजला आणि रोज तीच सहल सांगायला लावली. आठव्या दिवशी तो सहज बोलून गेला, "आता रिसॉर्ट होतंय ना तिथे? येताना बघितलं, झाडं तोडून टाकली सगळी."

चहा उतू गेला. अनंता मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

*

दोन दिवसांनी भावाचा फोन लागला. अनंताने स्पीकर चालू केला.

"विकली, दादा. रागावू नको. नवे मालक चांगले आहेत. रिसेप्शनच्या भिंतीवर जुन्या बागेच्या आठवणी लावणार म्हणतात. तुझ्याकडे पाटी, बिल्ले आहेत ना? पाठव की."

आम्हाला वाटलं, आता हा शिव्यांचा पट्टा सोडणार. अनंताने पलंगावरची पाटी खाली काढली.

"पाठवतो," तो म्हणाला. "तू एक विचार त्यांना. गेटवर माणूस ठेवलाय का? नसला तर मी येतो."