एकेचाळीस सह्यांचा धनी

आमच्या दाजींचं अक्षर चांगलं होतं, हे मी आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मेहुण्याच्या पोटदुखीतून आलंय असं कुणाला वाटायचं. पोटदुखी आहेच, पण अक्षर खरंच चांगलं होतं. टपाल कार्यालयाच्या भिंतीवर त्यांनी ‘येथे थुंकू नये’ असं लिहिलं होतं, तर लोक ते वाचायला थांबायचे आणि वाचून झालं की थुंकायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि आमच्या वस्तीचे टपालमास्तर. माझं ऐकून ऐकून सगळी वस्तीच त्यांना दाजी म्हणायला लागली. वस्ती कसली, बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेला उरलेली शंभरेक घरं. खाण बंद झाली तशी माणसं उठून गेली आणि त्यांच्या मागोमाग बँकेनंही आपल्या शाखेला कुलूप घातलं. शहर इथून नऊ तासांवर आहे. आठवड्यातून दोनदा बस जाते, ती मीच चालवतो. आज गेलेला माणूस परवा घरी येतो, त्यात तीन दिवस बुडतात आणि दोन मुक्कामांचा भुर्दंड पडतो.

मग बँकेनं आमच्यासाठी टपाली खातं काढलं. छापील लिफाफे आले, त्यांना तिकीटसुद्धा लावायचं नव्हतं. पैसे हवे असले की गुलाबी फॉर्म भरायचा, सही करायची आणि लिफाफा दाजींच्या खिडकीत द्यायचा. आठवड्याभरात मनीऑर्डर हजर. सोबतच्या पत्रकावर एक हसरी बाई होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आता बँक आपल्या दारी’. दारात दाजी बसलेत, हे काही त्यात छापलं नव्हतं.

खातं उघडायला नमुना सहीचं पिवळं कार्ड होतं. कार्डावर तीन चौकटी, तिन्हींत सारखी सही करायची. आता ज्यांनी जन्मभर छिन्नी-हातोडा धरला, त्यांची सही तीनदा सारखी येणार कशी? सुताराची पहिली सही चौकटीत बसली, दुसरी चौकटीबाहेर सांडली आणि तिसरी निम्मी टेबलावर गेली. एकेचाळीस कार्डं शहराला गेली आणि एकेचाळीस परत आली. वर लाल शाईत शेरा होता, ‘सह्यांमध्ये एकसारखेपणा नाही. टपालमास्तरांनी लक्ष घालावे.’

तो शेरा दाजींना झोंबला. सह्या सुताराच्या आणि नाक कापलं गेलं यांचं. दोन दिवस ते एकेक कार्ड उलटसुलट करून बघत बसले. तिसऱ्या दिवशी कोरी कार्डं मागवली, ती आल्यावर एका रविवारी आतून कडी लावून बसले आणि एकेचाळीस माणसांच्या सह्या स्वतःच करून मोकळे झाले. प्रत्येकाची वेगळी, प्रत्येकाची तीनदा, आणि तिन्ही अगदी सारख्या. खाली ‘माझ्यासमक्ष केली’ म्हणून टपालमास्तरांची सही आणि शिक्का. बँकेनं आभाराचं पत्र पाठवलं. दाजींनी ते चौकट करून भिंतीवर लावलं.

नमुना यांचा म्हटल्यावर पुढचा प्रत्येक गुलाबी फॉर्मही यांनीच सही करायचा, हे ओघानंच आलं. अकरा वर्षं हे चाललं. माणसानं खिडकीत येऊन आकडा सांगायचा, बाकी दाजी बघणार. त्यांनी कुणाचा एक पैसाही खाल्ला नाही, उगाच आळ घेणार नाही मी. त्यांची वसुली वेगळी होती. त्यांनी सही केली की समोरच्यानं वाकून बघायचं आणि मान डोलवायची. जो डोलवत नसे, त्याचा लिफाफा गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. माझं खातंही त्यांच्याच हातात होतं, त्यामुळे मीही मान डोलवली आहे. कुणी चुकून म्हणालाच की मी करतो माझी सही, तर दाजी चष्म्यावरून बघून म्हणायचे, “तू? अंगठाबहाद्दर तू.” एवढ्यावर माणूस गप्प बसायचा.

गप्प बसली नाही ती फक्त ताई. ताई सातवी शिकलेली. कॅनव्हासचे हातमोजे आणि पिशव्या शिवून ती चार पैसे मिळवायची आणि स्वतःच्या खात्यात टाकायची. एकदा माझ्यासमोरच ती दाजींना म्हणाली, “माझ्या खात्यावर माझी सही मला करू द्या.”

“बँक तुझी सही ओळखत नाही,” दाजी म्हणाले. “बँकेला एकसारखं लागतं.”

आणि त्यांनी तिची सही केली, शेवटी एक लांबलचक फराटा मारून. ताईनं मान डोलवली नाही. तिचा लिफाफा मात्र तळाशी गेला नाही, कारण त्यांना रात्रीचं जेवायचं होतं.

पुढे ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. आधी सुईत दोरा जाईना, मग मोज्याचं अंगठ्याचं बोट कोणत्या बाजूला हे चाचपून बघावं लागायला लागलं. डाव्या डोळ्यानं तर माणूस आहे की खांब, एवढंच कळायचं. मी तिला शहरातल्या रुग्णालयात नेलं. पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली, महिन्याची बारा. अकराला बँकेचा ड्राफ्ट भरायचा, नाही भरला तर नाव यादीच्या शेवटी जाणार आणि पुढचा नंबर वर्षानं लागणार. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की वर्ष थांबाल तर उजव्याचंही काही सांगता येत नाही. पैसे ताईच्या खात्यात होते, पुरेसे होते. फक्त एक गुलाबी फॉर्म पाठवायचा होता.

आणि तारखेला महिना उरला, फॉर्म पाठवायची वेळ आली, नेमके तेव्हाच दाजी पडले. टपाल कार्यालयाची पायरी गुळगुळीत झाली होती, तिथं ते ‘पायरी निसरडी आहे, जपून’ अशी पाटी लावायला स्टुलावर चढले. पाटी सरळ लागली का ते लांबून बघावं म्हणून मागे सरकले, स्टूल तिथंच राहिलं आणि दाजी पायरीवर आले. उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. पाटी सरळ होती.

ताईला नवरा पडल्याचं वाईट वाटलं, हे खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म घेतला, नाक कागदाला टेकेपर्यंत वाकली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा आपली सही आपण केली. आठ दिवसांनी तो परत आला. ‘सही जुळत नाही.’ मग दाजींनी डाव्या हातानं प्रयत्न केला. ती सही बघून मला सुताराची आठवण झाली. तोही परत आला आणि सोबत पत्र, की दोनदा चुकीची सही आल्यामुळे खातं गोठवलं आहे. तोवर सुताराचा फॉर्म परत आला होता, माझा आला होता, आणखी सहा जणांचे आले होते. उसने मागायचे तर कुणाकडे? सगळ्यांचेच पैसे बँकेत आणि सगळ्यांच्याच सह्या त्या प्लास्टरमध्ये. शेवटी बँकेचा हुकूम आला, संशयास्पद सह्यांच्या चौकशीसाठी सर्व टपाली खातेदारांनी दहा तारखेला टपालमास्तरांसह समक्ष हजर राहावे.

शहरात जायला लागू नये म्हणून काढलेल्या खात्यासाठी अख्खी वस्ती बसमध्ये बसवून मी शहरात नेली. वाटेत दाजी सीटला टेकून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना पढवलं. कुणी काही बोलायचं नाही. विचारलं तर हात थरथरतो म्हणायचं, वय झालं म्हणायचं. माझी नोकरी जाईल, समजतंय ना? लोकांना समजत होतं. ताई खिडकीशी बसून बाहेर बघत होती. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, हे मला आरशातून बघताना आठवलं आणि दाजींचा मला मनापासून राग आला.

बँकेत सह्या तपासणारे साहेब होते. पुढ्यात भिंग, बाजूला ‘तपासले’ असा शिक्का आणि शिक्क्याच्या मुठीचा रंग उडालेला. त्यांनी ताईला पहिली बोलावली. तिनं सही केली. त्यांनी पिवळं कार्ड काढून शेजारी ठेवलं आणि मान हलवली. मग सुतार. तीच गत. मग मी. साहेबांनी पहिल्यांदाच सगळी कार्डं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि त्यांचा चेहरा बदलला.

त्यांनी दाजींना पुढे बोलावलं. ही बाई या खात्याची मालकीण आहे का, असं त्यांनी विचारलं. टपालमास्तर म्हणून सांगा, तुमचाच शिक्का आहे खाली.

दाजींनी ताईकडे बघितलं. बत्तीस वर्षांचा संसार. “दिसायला तर तशीच आहे, साहेब,” ते म्हणाले.

ताईनं मान वळवली आणि आवाज आला त्या दिशेला नुसतं बघत राहिली. साहेब म्हणाले, मग प्रकरण पोलिसांत जाईल, आणि चौकशी पुरी होईपर्यंत एकाही खात्यातून पैसे निघणार नाहीत. ताई म्हणाली की उद्या ड्राफ्ट भरला नाही तर माझा डोळा जाईल. साहेब म्हणाले, नियम आहे. मी दाजींना कोपरानं ढोसलं. ते प्लास्टरची कड बघत होते.

तेवढ्यात साहेबांनी पलीकडच्या कारकुनाला हाक मारली आणि कार्डं दाखवली. म्हणाले, बघ, सगळ्या एकाच माणसाच्या आहेत, आणि कामही अगदी कच्चं. कुणीतरी शिकाऊ दिसतोय.

दाजी ताठ झाले. “कच्चं?” ते म्हणाले. “साहेब, भिंग नीट धरा. हा सुतार आहे, पेन्सिल दाबून धरायची सवय, म्हणून रेघ जाड ठेवली आहे. हा बसवाला, ह्याला कायम घाई, म्हणून शेवटचं अक्षर अर्धवट. आणि हिचा हा फराटा बघा. तिन्ही चौकटींत पट्टी लावून मोजा, सुताचा फरक निघाला तर सांगा. म्हणे शिकाऊ.”

सगळी बँक ऐकत होती. बायकोचा डोळा वाचवायला ज्याचं तोंड उघडलं नाही, तो माणूस फराट्यासाठी दहा मिनिटं बोलला. बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो मटकन खुर्चीत बसला.

साहेबांनी फोनकडे हात नेला. तेव्हा ताई उठली. चाचपत टेबलापाशी गेली आणि आपलं कार्ड उचलून डोळ्यांशी धरलं. “अकरा वर्षं मी अशी सही करते होय,” ती म्हणाली. मग कार्ड खाली ठेवलं. “पोलिसांना बोलवा, साहेब. ह्यांनी सह्या केल्या ते सांगा. आणि प्रत्येक सहीवर ‘तपासले’ कुणी मारलं, तेही सांगा. अकरा वर्षांचे फॉर्म असतील ना तुमच्याकडे?”

साहेबांचा हात फोनवरच राहिला. त्यांनी शिक्क्याकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं, मग फोन सोडून घाम पुसला. त्यानंतर बँकेत इतक्या झपाट्यानं काम झालेलं मी कधी पाहिलं नाही. जुनी कार्डं ‘जीर्ण’ म्हणून रद्द झाली, नवी आली, चहासुद्धा आला. लोकांनी रांगेत उभं राहून आपापल्या वाकड्यातिकड्या सह्या केल्या आणि तीन चौकटींत तीन तऱ्हा झाल्या तरी साहेबांनी चकार शब्द काढला नाही. ताईचा ड्राफ्ट त्याच दिवशी निघाला आणि बाराला तिचं ऑपरेशन झालं.

एकेचाळीस कार्डं झाल्यावर एक उरलं, ते दाजींचं स्वतःचं. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताची सही त्यांची त्यांनाच बघवेना. साहेबांनी, बहुधा थोडं मनातलं उट्टं काढत, शाईचं पॅड पुढे सरकवलं. दाजींनी डावा अंगठा उठवला. अंगठ्याच्या खात्याला बँकेत साक्षीदार लागतो, त्याच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. साक्षीदार म्हणून ताईनं सही केली.

दाजींची नोकरी वाचली, प्लास्टर निघालं, अक्षरही पुन्हा पहिल्यासारखं झालं. खातं मात्र अंगठ्यावरच आहे. बदलून घ्यायचं तर साक्षीदाराला घेऊन समक्ष यावं लागेल, असं बँकेचं पत्र आलं आहे, आणि ताईला सध्या वेळ नाही. तिच्याकडे मोज्यांचं काम खूप आहे.

परवा मी टपालाची थैली घ्यायला गेलो, तर दाजी गुलाबी फॉर्मवर अंगठा टेकवत होते. खिडकीत सुतार उभा होता, अंमळ जास्तच वाकून बघत होता. ताईनं फॉर्म हातभर लांब धरून पाहिला, चष्मा न लावता, आणि सही न करता परत ठेवला.

“ठसा पुसट आलाय,” ती म्हणाली. “परत लावा. बँकेला एकसारखं लागतं.”